टॉवेलाखालचं स्वातंत्र्य

परक्या देशात माणसं किती मोकळी आहेत हे मोजायचं काम मला मिळालं, ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि माझ्या विद्वत्तेची खबर माझ्याच वर्गातल्या मागच्या बाकांपर्यंत अजून पोचलेली नाही. काम मिळालं ते बोलीमुळे. जगातले देश दरवर्षी तपासून कुठे वर्तमानपत्रं मोकळी, कुठे माणसांची तोंडं मोकळी, असे गुण देणारी एक संस्था आहे. एका हुकूमशाही देशात आमच्या भालकी-बीदरकडची पुष्कळ माणसं कामाला असतात हे त्यांना कुठूनसं कळलं. रजेवर गावी आलेल्या या माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलेल असं कुणीतरी हवं होतं. संस्थेच्या एका बाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की या लोकांची भाषा नेमकी कोणती. मी म्हटलं, सुरुवात मराठीत करतात, हिशेब कन्नडात करतात आणि चिडले की दखनीत जातात. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. आमची माणसं अजून तिकडे आहेत आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण द्यायचे होते. शून्य म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे बिनधास्त. वर्तमानपत्रात राज्यकर्त्याला नावं ठेवता येतात का? चार माणसं जमून एखाद्या गोष्टीला विरोध करू शकतात का? फोनवर मनातलं बोलता येतं का? असे ते प्रश्न. वर एक नियम: मुलाखत चालू असताना ऐकू जाईल इतक्या अंतरावर तिसरं माणूस नसावं. हा नियम ज्याने केला त्याने आमच्याकडचं एकही घर पाहिलेलं नसावं. आमच्याकडे न्हाणीघरात गेलेल्या माणसालाही बाहेरून दोघं-तिघं प्रश्न विचारत असतात.

रंगीत तालीम मी नवऱ्यावर केली. देशाच्या जागी घर घातलं आणि विचारलं, इथे मनातलं बोलता येतं का? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि चार गुण दिले. एक गुण कशाचा कापला असं मी जरा आवाज चढवून विचारलं, तर लगेच पाच केले. मला फार बरं वाटलं. मोजणाऱ्याचा आवाज मापात मिसळतो हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण कौतुक झालं की माझी अक्कल चरायला जाते.

मग खरी माणसं गाठायला लागले. बीदरच्या नौबादमधल्या एका इलेक्ट्रिशियनने सगळ्या प्रश्नांना पाच दिले. मी म्हटलं, अहो, नीट आठवून सांगा. तर तो काकुळतीला येऊन म्हणाला की कमी दिले तर देश नापास होईल की, मॅडम. एका ड्रायव्हरने सांगितलं की ज्याचं मीठ खाल्लं त्याला कमी मार्क द्यायला आपली जीभ रेटत नाही. तिसरा सगळ्यांत हुशार निघाला. आपल्या देशाला किती देणार आहात ते आधी सांगा, म्हणाला, मग त्यात एक कमी-जास्त करू. आठवडाभरात माझ्या कागदांवर तो देश पृथ्वीवरचा सगळ्यात मोकळा देश होऊन बसला. माझं डोकं फिरलं.

तेव्हा मला मावसभाऊ आठवला. भालकीजवळच्या मेहकरात राहणाऱ्या माझ्या मावशीचा हा एकुलता एक मुलगा त्याच देशात एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीन चालवायचा आणि नेमका सुट्टीवर आलेला होता. वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य मोजायचं तर याच्याहून जवळचा माणूस कोण? मी भालकीची बस धरली.

तो जवळचा होता, पण त्याला ते वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. तिकडची लिपी त्याला येत नाही. पान सुलटं लागलं का उलटं, ते तो फोटोतल्या माणसांच्या डोक्यांवरून ओळखायचा. मी विचारलं, पेपर कसा असतो? तो म्हणाला, "बरं असतोय की, अक्का. कागद जाड हाय." मी म्हटलं, मी कागदाचं विचारत नाही. तर म्हणाला, शाईबी चांगली हाय.

आणि हेसुद्धा त्याने एकट्याने सांगितलं नाही. मावशी पुढ्यात बसली होती, आणि मावशी असताना तिच्या मुलाला प्रश्न विचारला की उत्तर मावशीकडून येतं. तिकडे मोकळेपणाने बोलता येतं का, या प्रश्नाला ती म्हणाली, "त्याला काय कमी हाय तिकडं? पाच लिव." वर त्याच्या तिथल्या खोलीत फ्रिज असल्याचंही सांगितलं. या नोकरीच्या जोरावर तिने उदगीरकडची एक सोयरीक जवळजवळ ठरवत आणली होती, त्यामुळे त्या देशाला साडेचार द्यायलाही ती तयार नव्हती. शेजारचे अप्पा दाराला टेकून ऐकत होते. त्यांचा मुलगाही त्याच छापखान्यात आहे. मावशीच्या घरात दुपारी झालेलं बोलणं अप्पा संध्याकाळी फोनवर मुलाला जसंच्या तसं सांगतात. त्यात काही वाईट हेतू नाही. मुलाला गावाची आठवण येऊ नये म्हणून ते गावच पाठवतात. पण त्यामुळे मेहकरात शिंकलेलं तिकडे पोचतं, आणि मग छापखान्यात ते कुणाकुणाच्या कानावर जातं ते देवाला माहीत.

भाऊ मला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने विचारलं, गुलबर्ग्यात अजून छापखाने हायत का? मी म्हटलं, आहेत की, लग्नपत्रिका कुठे छापतात मग? तिकडे काय पगार देतात, मशीन कसली असतात, हेही त्याने विचारलं. मी चालता चालता थांबले. याचं परतीचं तिकीट येळवसेची अमावस्या झाल्यानंतरच्या रविवारचं होतं आणि हा गुलबर्ग्यातले पगार विचारत होता. याला परत जायचं नव्हतं, आणि ते आईला सांगायची याची छाती होत नव्हती. मी तसं तोंडावर विचारलं, तर इकडेतिकडे पाहून म्हणाला, "प्रश्न मोबाईलवर धाड, अक्का. वाचतो आन पुसून टाकतो. पर मी तोंडानं काय बोलणार न्हाई. बोटं देतो."

बोटं देतो, हे परक्या माणसाला समजणार नाही. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली हात धरतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. गुलबर्ग्याच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, माझ्या वडिलांची तुरीची अडत होती आणि त्यांच्या लहानपणी तिथेही असंच चाले म्हणे. त्यांनी मला ते गंमत म्हणून शिकवलं होतं. ऐकू जाईल इतक्या अंतरावर कुणी नसावं, हा नियम आमच्या लोकांनी त्या संस्थेच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला होता. मी तर हरखूनच गेले.

दिवस ठरला येळवसेचा. या अमावस्येला आमच्या भागात गावात कुत्रं राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि मग सगळ्या भाज्या मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील यांवर माणसं तुटून पडतात. मला वाटलं, मोकळं रान, आपल्याला हवा तेवढा एकांत. येळवसेला वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवतात, हे मी कशी विसरले कोण जाणे. मावशीच्या शेतात अर्धं मेहकर जेवत होतं.

शेवटी आम्ही बांधाच्या पलीकडे बैलांपाशी जाऊन बसलो. तिथे कान देणारे फक्त बैल होते. भाऊने खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या हातांवर टाकला. प्रश्न त्याने वाचलेले होते, म्हणून मी नुसता आकडा बोलणार आणि तो बोटं धरणार, असं ठरलं होतं. मी म्हटलं, "पहिला." वर्तमानपत्रात राज्यकर्त्याला नावं ठेवता येतात का, हा तो.

त्याने हात बाहेर काढून घेतला.

मला वाटलं घाबरला. मी त्याचा हात पुन्हा आत ओढला. "दुसरा," म्हटलं. त्याने पुन्हा हात काढला. मी रागावले. म्हटलं, अरे, पोरखेळ लावलास का? तर त्याने हात आणखीच मागे, पाठीशी नेला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाजारात शून्य भावाने काही विकत नाहीत, म्हणून शून्याला बोटच नाही. हात काढून घेतला की सौदा मोडला. तो मला शून्य देत होता.

तिसऱ्याला हात बाहेर. चौथा प्रश्न आपापला धर्म पाळण्याचा होता, त्याला दोन बोटं मिळाली आणि मला पेढे वाटावेसे वाटले. पाचव्याला हात बाहेर. तोवर आमच्याभोवती माणसं जमली होती. बैलांच्या जोडीशेजारी बसून दोघं टॉवेलाखाली हात धरतात याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. गुलबर्ग्याची बाई मावशीची बैलजोडी मागत होती, आणि बाई इतका कमी भाव सांगत होती की पोरगं पुन्हा पुन्हा हात काढून घेत होतं.

"बाई लई खाली मागायल्यात," कुणीतरी म्हणालं. एका म्हाताऱ्याने मला समजावलं की जोडी दोन दातांची, म्हणजे ऐन तरणी आहे, माझ्या शहरी डोळ्यांना कळणार नाही पण मी जरा वर सरकावं. दुसऱ्याने मदत म्हणून बैलाचा ओठ वर करून मला दात दाखवले. मी मान डोलावली, दुसरं काय करणार? "सहावा," म्हटलं, आणि भाऊने पुन्हा हात काढला. घोळक्यातून हळहळ ऐकू आली. प्राध्यापकांना एवढा पगार असून हात आखडता, असं एक बाई दुसरीला माझ्यासमोरच सांगत होती.

शेजारचे अप्पा आंबिलीचा गिलास घेऊन आले, आणि त्यांचा चेहराच पडला. त्या जोडीवर त्यांचा दिवाळीपासून डोळा होता. मी "सातवा" म्हणायला आणि अप्पांनी खाली बसून आपला हात टॉवेलाखाली घालायला एकच गाठ पडली. त्यांनी माझा अख्खा पंजा धरला आणि दाबला. सातवा प्रश्न होता, तिथलं न्यायालय सरकारच्या विरुद्ध निकाल देतं का. त्या देशाच्या न्यायव्यवस्थेला मिळालेले ते पाच गुण शेजारच्या अप्पांचे आहेत. ते मी नंतर खोडले.

तेवढ्यात कुणीतरी कोपीकडे जाऊन मावशीच्या कानावर घातलं. मावशी हातातला भज्जीचा डाव तसाच घेऊन बांध ओलांडून आली. बैलं तिने लेकरांसारखी वाढवलेली आहेत. ती आधी माझ्यावर घसरली. "तू पोरं शिकवायलीस का बैलं घ्यायलीस?" मग मुलाकडे वळली. "आन तू मला न इचारता कामून इकायलास रं? जायच्या आधी घर धुऊन नेयलास का?"

भाऊ उभा राहिला. आता त्याला दोनच वाटा होत्या. बैल विकतोय असं खोटं सांगायचं, नाहीतर खरं सांगायचं. त्याने अप्पांकडे पाहिलं. त्यांच्यासमोर बोललेलं संध्याकाळी छापखान्यात पोचणार हे त्याला माहीत होतं. हे सगळं मी घडवून आणलं होतं, आणि एका प्रश्नावलीसाठी.

"बैलं न्हाई इकायलो, आई," तो म्हणाला. "अक्का इचारायली की तिकडं बोलता येतंय का. मी न्हाई म्हणायलोय."

मावशीला काही कळेना. बोलता येत न्हाई म्हणजे काय, घसा धरलाय का, असं तिने विचारलं. मग त्याने सांगितलं. त्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर रोज राज्यकर्त्याचा फोटो असतो, रोज त्याच जागी, तेवढाच मोठा. एके दिवशी त्या फोटोला लागून गादीची जाहिरात आली. भाऊला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र दिसत होतं. फोटो आणि गादी अशी जुळून आली होती की साहेब जेवूनखाऊन गादीवर आडवे झाले आहेत आणि आता घोरणार. पहिली प्रत मशीनमधून हातात आली आणि भाऊ हसला. नंतर सगळ्या प्रती परत आणून त्यांचा लगदा केला. ज्याने ते पान लावलं होतं, तो माणूस भाऊला रोज आपल्यातला अर्धा चहा द्यायचा. त्याला दोघांनी येऊन नेलं. चहाचा गिलास टेबलावर तसाच होता आणि कितीतरी दिवस त्याला कुणी हात लावला नाही. तो माणूस परत आला नाही, आणि कुणी त्याचं नावही घेतलं नाही.

"आन मी हासलो हुतो," भाऊ म्हणाला. "मला हासताना कुनी बघितलं का, मला म्हाईत न्हाई."

मावशीने हातातला डाव खाली केला. मग तिने विचारलं, "गादीवर?"

"व्हय."

"सायेब?"

"व्हय, आई. पाय पसरून."

मावशीच्या तोंडाचा कोपरा हलला. तिने पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. ती हसली, आणि मावशी हसली की थांबत नाही. तिचं पाहून घोळका हसला, अप्पांच्या गिलासातली आंबील धोतरावर सांडली, आणि बैलाचे दात दाखवणारा माणूस बैलाच्याच मानेवर डोकं ठेवून हसू लागला. मीही हसले. मला लाज वाटत होती, तरी हसले.

भाऊ हसत नव्हता. हसण्याचा आवाज वाढला तसा त्याने झटकन मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला. मग प्रत्येकाच्या तोंडाकडे, एकेक करून.

मावशीने ते पाहिलं आणि तिचं हसणं तिथेच थांबलं. "कुनाला बघायलास?" तिने विचारलं.

"कुनाला न्हाई."

"आत्ता मी हासले. तिकडं असते तर?"

भाऊने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

मावशीने डाव पदराला पुसला. "तिकीट फाड," ती म्हणाली. भाऊ म्हणाला, तिकीट मोबाईलात असतं, फाडता येत नाही. "मग मोबाईल फोड. उदगीरवाल्याला काय सांगायचं ते मी सांगते." एवढं बोलून ती कोपीकडे निघाली, आणि जाता जाता मला म्हणाली की आता आलीच आहेस तर जेवून जा. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी नाक ओढून ते भज्जीच्या तिखटावर ढकललं, आणि भज्जी अजून मी खाल्लीही नव्हती.

भाऊ खाली बसला आणि त्याने कितीतरी वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी कागद पिशवीत घातले. उरलेले प्रश्न मी कधीच विचारले नाहीत.

माणसं पांगली. अप्पा मात्र तिथेच उभे होते. मला वाटलं, आता हे सगळं तिकडे पोचवणार. त्यांनी खिशातून फोन काढलाच. मुलाचा नंबर लावला आणि नेहमीच्या सवयीने स्पीकर चालू केला. पलीकडे मशीनची घरघर ऐकू आली.

"आरं," अप्पा मोठ्याने म्हणाले, "तू तिकडं हासतोस का न्हाई?"

मशीन चालूच होतं. मग त्यांच्या मुलाचा आवाज आला, एकदम खाली गेलेला.

"कामून इचारायलाव, अप्पा? कुनी काय बोललं का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊकडे. फोन तोंडाजवळ नेला आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "न्हाई रं, बाळा. कुनी काय बोललं न्हाई. येळवस हाय न्हवं, म्हणून सहज फोन केलो."